आपलाच आवाज परत ओळखायचा कसा

(एरंडवण्यातल्या एका छोट्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दिलेलं व्याख्यान. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फळ्यावर केलेली आकडेमोड तेवढी वाक्यांत आणलीय.)

खिडकी बंद करू नका, राहू दे. नदीपात्रातून येतोय ना तो आवाज, तो मला आज हवाच आहे. गणपती जवळ आले की म्हात्रे पुलापासून पुढे पात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो, आणि एका वेळी तीन-चार पथकं वाजवत असतात, म्हणजे आपल्यासारख्या बाहेरच्याला तो सगळा एकच गडगडाट वाटतो. पण तुमच्यात जे कुणी पथकात वाजवतात ना, हात वर करा बघू... हां, चार-पाच जण आहेत. तुम्हाला विचारतो, पुलावरून चालत येताना आपलं पथक सुरू झालंय की नाही हे तुम्हाला कळतं का? कळतं. दुसरं पथक जास्त जवळ असलं, त्यांचे ढोल जास्त असले तरी कळतं. कारण तुम्ही आवाज किती मोठा आहे ते बघतच नसता, तुमच्या डोक्यात तुमचा ठेका बसलेला असतो आणि कान तो ठेका त्या गोंगाटावर ठेवून बघत असतो, इथे जुळतोय का, इथे जुळतोय का, आणि जिथे जुळला तिथे लख्ख ऐकू येतं.

आजचा विषय एवढाच आहे. अल्ट्रासॉनिक मोजमापात, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या उंच सुराच्या आवाजानं मोजताना, आपण आवाज पाठवतो, तो कशावर तरी आपटून परत येतो, आणि परत आलेला आवाज इतका क्षीण असतो की तो गोंगाटात बुडतो. मग तो ओळखू यावा म्हणून पाठवतानाच त्याला ठेका द्यायचा. ह्या ठेक्याला आम्ही कोड म्हणतो. आता कुठला ठेका द्यायचा, आणि कधी देऊ नये, ह्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि ते मला तुम्हाला नीट सांगायचंय कारण पुस्तकात पहिला भाग छान असतो, दुसरा भाग बहुतेक नसतोच.

आधी साधं गणित. प्रोब, म्हणजे आवाज सोडणारा आणि ऐकणारा तुकडा, पल्स सोडतो, इको येतो, मधला वेळ मोजायचा, वेगानं गुणायचं, दोननं भागायचं कारण आवाज गेला आणि आला. स्टीलमध्ये आवाज सेकंदाला साधारण ५९०० मीटर जातो, पाण्यात १४८०, हवेत २० डिग्रीला ३४३. म्हणजे १० मिलिमीटरच्या स्टीलच्या प्लेटमधून इको ३.४ मायक्रोसेकंदात परत येतो, आणि ५ मीटर खोल टाकीतल्या पाण्यावरून हवेतून इको यायला २९ मिलिसेकंद लागतात. स्टीलमधले दोष असे शोधायचं यंत्र फ्लॉइड फायरस्टोन ह्यांनी मिशिगन विद्यापीठात १९४० च्या सुमारास केलं, आणि भोसरी-चाकणच्या कुठल्याही फोर्जिंग शॉपमध्ये यूटी, म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग, करणारा मुलगा आज जॉबला, म्हणजे तपासायच्या तुकड्याला, जेली लावून प्रोब फिरवतो तेव्हा तत्त्व तेच असतं.

मग अडतं कुठे? इको लहान पडला तर पहिला विचार काय येतो, जोरात पाठवा. व्होल्टेज वाढवा. थिकनेस गेजसारख्या यंत्रात शे-दोनशे व्होल्टचा झटका देतातही. पण ह्याला मर्यादा आहे, प्रोबमधला आवाज काढणारा क्रिस्टल एका मर्यादेपलीकडे सोसत नाही, बॅटरीवर चालणाऱ्या सेन्सरला तेवढी ताकद परवडत नाही, आणि जिथे ज्वालाग्राही वाफ असते अशा टाकीवर तर सुरक्षिततेच्या नियमानंच तुम्हाला व्होल्टेज आणि करंट दोन्ही बांधून दिलेले असतात. मग दुसरा विचार येतो, जोरात नाही तर जास्त वेळ पाठवू. आणि इथे खरी गंमत सुरू होते.

कार्ल्याच्या चैत्यात गेलात की एक टाळी वाजवून बघा. टाळी क्षणभराची, त्यामुळे जवळच्या खांबावरून आलेला आणि लांबच्या भिंतीवरून आलेला आवाज थोडा तरी वेगळा लागतो. आता तिथेच शंख फुंकला तर? आवाज भरपूर, ताकद भरपूर, पण शंख संपायच्या आत पहिला इको आला, त्यावर दुसरा चढला, सगळं एकमेकांत मिसळलं. टाळीत ताकद कमी पण धार आहे, शंखात ताकद आहे पण धार नाही. आपल्याला दोन्ही हवं. शंखाएवढी ताकद आणि टाळीएवढी धार.

ते मिळतं, आणि त्यात जादू काही नाही. लांब आवाज पाठवायचा पण त्याच्या आत बदल ठेवायचे, आणि परत आल्यावर तो पाठवलेल्या नमुन्याशी जुळवून बघायचा. बटर पेपर आठवा, ड्रॉइंगवर बटर पेपर ठेवून सरकवतो तसं. पाठवलेला नमुना बटर पेपरवर, आलेला सिग्नल खाली, आणि एकेक पाऊल सरकवत प्रत्येक जागी किती जुळलं त्याची बेरीज. त्याला कोरिलेशन म्हणतात. डी. ओ. नॉर्थ ह्यांनी १९४३ मध्ये रडारसाठी दाखवून दिलं की सगळीकडे सारखा पसरलेला गोंगाट असेल तर त्यातून सिग्नल शोधायला ह्याहून चांगली रीत नाही. सात तुकड्यांचा कोड असला की बरोबर जागी सातही तुकडे एका दिशेनं मिळतात, बेरीज सातपट, आणि गोंगाट मात्र कधी वर कधी खाली असतो त्यामुळे तो सातच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे २.६ पट वाढतो. तुमची जीत तेवढ्या फरकात आहे.

पण बरोबर जागी जुळणं सोपं आहे हो. अवघड काय आहे माहितीये का, चुकीच्या जागी न जुळणं. हे समजायला मी नेहमी वृत्तांकडे जातो, आमच्या शाळेतल्या बाईंनी लघु-गुरू इतकं घोटून घेतलं होतं की मला ग आणि ल हे अधिक-उणे च्या आधी कळले. समजा गुरू म्हणजे अधिक, लघु म्हणजे उणे. अल्ट्रासॉनिकमध्ये त्याचा अर्थ एवढाच की गुरूला लहर सरळ सुरू करायची, लघुला उलटी, जिथे वर जायची तिथे खाली. आता भुजंगप्रयात घ्या. ल ग ग, ल ग ग, ल ग ग, ल ग ग. म्हणायला किती सुंदर, घराघरात संध्याकाळी म्हटलं जातं, आणि सुंदर का लागतं तर दर तीन अक्षरांनी तेच परत येतं. पण कोड म्हणून हे वृत्त वाईट. बटर पेपर बरोबर जागी ठेवला तर बारा अक्षरं जुळतात, बेरीज १२. आणि तीन घरं सरकवला तर? उरलेली नऊच्या नऊ परत जुळतात, बेरीज ९. म्हणजे खरा इको आणि त्याच्या शेजारी जवळजवळ तेवढाच खोटा इको. स्टीलमध्ये तुम्ही एक भेग असताना चार भेगा दाखवाल, टाकीत पाणी भलत्या पातळीवर दाखवाल. ह्या खोट्या शिखरांना साइडलोब म्हणतात, आणि चांगला कोड म्हणजे ज्याचे साइडलोब दबलेले आहेत तो. म्हणजे कवितेला जे हवं, पुनरावृत्ती, ते इथे नको, स्वतःशी कमीत कमी साम्य असलेली ओळ हवी.

आणि आता मला ज्यासाठी आज यायचं होतं तो भाग. ती ओळ तुम्हाला पाठ आहे. यमाताराजभानसलगं. गण लक्षात ठेवायला शिकवतात ना ते, य गण कसा तर य-मा-ता, ल ग ग, म गण कसा तर मा-ता-रा, ग ग ग, असं एकेक अक्षर पुढे सरकत आठही गण मिळतात. पूर्ण लिहू: ल ग ग ग ल ग ल ल ल ग. दहा अक्षरं. शेवटची दोन, ल ग, ही सुरुवातीच्या य-मा ची पुनरावृत्तीच आहे, म्हणून ती काढून ओळ गोल जोडली तर आठ अक्षरांचं कडं होतं, आणि त्या कड्यात तीन अक्षरांचा प्रत्येक शक्य नमुना बरोबर एकदाच येतो. ह्या कड्यांना आज डी ब्रॉइन ह्या डच गणितज्ञांच्या नावानं डी ब्रॉइन कडं म्हणतात, त्यांनी ह्यावर १९४६ मध्ये लिहिलं.

आता कड्यात तीन लघु सलग आलेत, त्यातला एक काढून टाका. उरले सात: ल ग ग ग ल ग ल. हे कडं स्वतःवरच फिरवून बघा, जागेवर असताना बेरीज ७, आणि कितीही घरं फिरवा, एक फिरवा, दोन फिरवा, पाच फिरवा, प्रत्येक वेळी उणे १. एकही अपवाद नाही. मी हे पहिल्यांदा कागदावर करून बघितलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी बायकोला उठवून दाखवलं होतं. हीच ती एम-सिक्वेन्स, जी संपर्क यंत्रणांमध्ये, मोजमापात सगळीकडे वापरतात, लांबी ७, १५, ३१, ६३ अशी वाढत जाते.

अजून एक पाऊल. टाकीतला सेन्सर कडं गोल गोल वाजवत बसत नाही, तो एकदा वाजवतो आणि थांबतो, त्यामुळे कड्याऐवजी सुटी ओळ लागते आणि सुट्या ओळीचा हिशोब वेगळा असतो. हेच सात अक्षरांचं कडं उलटं वाचा, आणि तीन गुरू जिथे सलग येतात तिथून सुरू करा: ग ग ग ल ल ग ल. करा ना, कागद आहे सगळ्यांकडे. एक घर सरकवा, बेरीज शून्य. दोन, उणे १. तीन, शून्य. चार, उणे १. पाच, शून्य. सहा, उणे १. मधलं शिखर ७ आणि बाजूला कुठेही १ च्या वर काही नाही. ह्याला बार्कर कोड म्हणतात, आर. एच. बार्कर ह्यांनी १९५३ मध्ये मांडला, सातचा बार्कर. सरळ वाचलात तर मात्र जमत नाही, एका जागी उणे २ येतो, उलटंच वाचायला लागतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगतो कारण हे ऐकलं की लगेच मेसेज फिरायला लागतात. आपल्या पूर्वजांना रडार माहीत होतं असा ह्याचा अर्थ होत नाही, कृपा करून तसं लिहू नका. ज्यानं कुणी ही ओळ बांधली त्याला आठ गण कमीत कमी अक्षरांत लक्षात ठेवायचे होते, आणि ते त्यानं इतकं नेटकं केलं की त्यात हा गुण आपोआप आला. मला ह्यात त्या माणसाबद्दल जो आदर वाटतो त्याला दुसऱ्या कशाचा टेकू लागत नाही.

बार्करमध्ये अडचण अशी की तो १३ ला थांबतो. १३ अक्षरांचा आहे, साइडलोब तेराव्या भागाएवढे, पण त्याहून लांब आजपर्यंत कुणाला सापडलेला नाही. मग जास्त ताकद हवी तर काय? तर मार्सेल गोले. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला माणूस, अमेरिकेच्या सैन्याच्या सिग्नल विभागात काम केलं, त्याला ही कल्पना आली वर्णपटमापनात, १९४९ च्या आसपास, आणि पूरक जोड्यांवरचा त्याचा मोठा लेख आला एप्रिल १९६१ मध्ये. साल लक्षात ठेवायला पुणेकराला अवघड नाही, त्याच जुलैत पानशेत फुटलं.

गोलेची कल्पना अशी की एका कोडला निर्दोष करायच्या मागेच लागू नका, दोन कोड घ्या, दोघांनाही दोष असू देत, पण एकाचा दोष दुसऱ्याच्या बरोबर उलट असू दे. सगळ्यात छोटी जोडी: पहिला ग ग, दुसरा ग ल. पहिल्याची जागेवरची बेरीज २, एक घर सरकवून अधिक १. दुसऱ्याची जागेवर २, सरकवून उणे १. दोन्ही निकाल मिळवा, मध्ये ४, बाजूला शून्य. कमी वगैरे नाही, शून्यच. आणि लांब जोडी बनवायची रीत तर किती सोपी, पहिल्याच्या पुढे दुसरा जोडला की नवा पहिला, पहिल्याच्या पुढे दुसरा, त्यातल्या ग चा ल आणि ल चा ग करून, जोडला की नवा दुसरा. गगगल आणि गगलग. मग आठ, सोळा, बत्तीस, पाहिजे तिथपर्यंत. मला अजूनही ही कल्पना सगळ्या विषयातली सगळ्यात देखणी वाटते.

आणि तिच्यावर विसंबून माझं एक काम फसलं, ते सांगतो.

चाकणच्या बाजूला एका कारखान्यात सांडपाण्याची टाकी होती, ५ मीटर खोल, वरून हवेतून पातळी मोजायची. पाण्यावर फेस. फेस आवाज खाऊन टाकतो, साध्या ४० किलोहर्ट्झच्या सेन्सरला कधी इको मिळायचा कधी नाही. आम्ही म्हटलं इथे कोडच पाहिजे. आठ-आठ अक्षरांची गोले जोडी घातली, दोन्ही मिळून सोळापट ऊर्जा, गोंगाटाच्या तुलनेत चौपट फायदा, आणि साइडलोब शून्य. आमच्या वर्कशॉपमध्ये पिंपावर लावून तीन दिवस चालवलं, आलेख असा की फ्रेम करून लावावा. साइटवर लावलं, सकाळी छान चाललं, आणि दुपारी टाकीतला ढवळणारा पंखा सुरू झाला आणि पातळी उड्या मारायला लागली, दोन मीटर, तीन मीटर, परत दोन, मध्येच इकोच नाही. मी दोन दिवस वायरिंग तपासत होतो. अर्थिंग बदललं. पंख्याच्या मोटरचा इलेक्ट्रिकल नॉइज असेल म्हणून केबल बदलली, कारखान्यातले लोक बिचारे शिडी धरून उभे.

तिसऱ्या दिवशी गाडीत बसून कागदावर हिशोब केला तेव्हा दिसलं. ४० किलोहर्ट्झच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी साधारण ८.६ मिलिमीटर. पहिला कोड पाठवला, त्याचा इको ऐकला, मग दुसरा पाठवला, मध्ये साधारण ४० मिलिसेकंद गेले. एवढ्या वेळात पाणी फक्त दोन मिलिमीटर वर-खाली झालं, तर जाण्या-येण्याचा रस्ता चार मिलिमीटरनं बदलला, म्हणजे अर्धी तरंगलांबी, म्हणजे दुसरा इको पूर्ण उलटा. आणि दुसरा उलटा झाला की बेरजेची वजाबाकी होते. मग मधलं शिखर, जे हवं, ते एकमेकांत विरून जातं, आणि साइडलोब, जे नको, ते दुप्पट होतात. ४० मिलिसेकंदात दोन मिलिमीटर म्हणजे सेकंदाला पाच सेंटिमीटर. ढवळलेल्या टाकीत पाणी त्याहून जास्त हलतं. वर्कशॉपमधलं पिंप शांत होतं म्हणून आम्हाला ते दिसलं नाही. गोलेचं गणित शंभर टक्के बरोबर होतं, पण त्यात एक अट होती, दोन पाठवण्यांच्या मध्ये जग हलता कामा नये, आणि ती अट मी वाचून सोडून दिली होती. स्थिर जॉबवर, स्टील असो काँक्रीट असो, प्रोब हललेला नसेल तर गोले वापरा, बिनधास्त वापरा. हलणाऱ्या पाण्यावर नको.

मग तिथे आम्ही काय लावलं ते शेवटी सांगतो, आधी ट्रान्सड्यूसरबद्दल, म्हणजे विजेचा आवाज आणि आवाजाची वीज करणाऱ्या भागाबद्दल, बोलायला हवं कारण कोड निवडताना शेवटचा शब्द त्याचा असतो.

देवळातली घंटा घ्या. घंटेवर तुम्ही भराभर ठेका वाजवू शकता का? नाही, कारण ती गुंजत राहते, पहिला ठोका विरायच्या आत दुसरा दिला की दोन्ही एक होतात. हवेत वापरतात तो स्वस्त ४० किलोहर्ट्झचा ट्रान्सड्यूसर, दोन डोळ्यांसारखे दिसणारे ते मॉड्यूल तुम्ही प्रोजेक्टमध्ये वापरता ना, तो घंटा आहे. त्याची बँडविड्थ, म्हणजे जेवढ्या पट्ट्यातले सूर तो काढू शकतो तो पट्टा, धरा दोन किलोहर्ट्झ. म्हणजे कोडचं एक अक्षर कमीत कमी अर्धा मिलिसेकंद, २० लहरी, वाजवायला लागतं, तेव्हा कुठे पुढच्या अक्षराला तो उलटा फिरतो. त्याला दोन-दोन लहरींची अक्षरं दिलीत तर तो काही तक्रार करत नाही, तो नुसता गुंजत राहतो आणि तुमचा कोड बाहेर पडतच नाही. कंप्युटरवर सिम्युलेशन केलेलं असतं त्यात ट्रान्सड्यूसर धरलेलाच नसतो, मुलं माझ्याकडे येतात, सर सिम्युलेशनमध्ये येतंय पण बोर्डावर येत नाही. दहातल्या नऊ वेळा कारण हे असतं. उलट स्टीलसाठीचा चांगला ५ मेगाहर्ट्झचा रुंद बँडचा प्रोब म्हणजे तबला, त्यावर दोन लहरींत अक्षर संपवता येतं.

आणि अक्षर लांब झालं की दुसरा खर्च पुढे येतो. जोपर्यंत तुम्ही बोलताय तोपर्यंत तुम्हाला ऐकू येत नाही. १३ अक्षरं गुणिले अर्धा मिलिसेकंद, साडेसहा मिलिसेकंद, तेवढ्या वेळात जाऊन-येऊन १.१ मीटरच्या आतलं सगळं आंधळं. सोसायटीच्या दीड मीटर उंचीच्या टाकीवर हे लावलंत तर पाऊण टाकी दिसणारच नाही. म्हणून मी स्पष्ट सांगतो, घरच्या टाकीला कोड लावू नका. इको तिथे धडधडीत येतो, गोंगाट नाही, आणि तुमची चूक येते ती तापमानातून. जानेवारीत पुण्यात सकाळी १० डिग्री असतं तेव्हा हवेत आवाजाचा वेग ३३७, एप्रिलच्या दुपारी ४० ला ३५५, पाच टक्क्यांहून जास्त फरक, तीन मीटरवर १६ सेंटिमीटर. साधा तापमानाचा सेन्सर लावा, दर डिग्रीला ०.६ मीटर प्रति सेकंद वेग वाढवा, काम झालं. जिथे दुखत नाही तिथे औषध देऊ नये.

चर्पबद्दल थोडक्यात. आत्तापर्यंत लहर सरळ-उलटी करून कोड केला, दुसरी रीत म्हणजे मींड, तिलाच चर्प म्हणतात. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत न तुटता सरकत जायचं, प्रत्येक क्षणाचा सूर वेगळा, म्हणून ती स्वतःवर एकाच जागी जुळते. बेल लॅबमधल्या क्लाउडर आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्ये रडारसाठी ह्याचं सगळं शास्त्र मांडलं, आणि कीटक खाणारी वटवाघळं हे कधीपासून करतायत. चर्पचं मोठं सुख म्हणजे समोरची वस्तू हलत असली तर आख्खी मींड किंचित वर किंवा खाली सरकते, पण मींडच राहते, जुळते, फक्त थोडी पुढे-मागे जुळते, अंतरात लहानशी चूक येते पण इको हरवत नाही. दुःख म्हणजे साइडलोब, नुसता चर्प घेतला तर शेजारचं खोटं शिखर मुख्य शिखराच्या पाचव्या भागाहून मोठं असतं. दोन्ही टोकांना आवाज हळूहळू चढवला-उतरवला, हॅमिंग विंडो वगैरे लावली, की ते शंभराव्या भागाच्या खाली जातं आणि बदल्यात शिखर दीडपट जाड होतं. घंटेसारख्या ट्रान्सड्यूसरवर मात्र मींड घेता येत नाही, तिथे सरकायला जागाच नाही.

प्रश्न आला होता मघाशी, कास्टिंगमध्ये कोड लावून गवत कमी होईल का. गवत म्हणजे ज्यांनी यूटी केलंय त्यांना माहितीये, स्क्रीनच्या तळाला बारीक बारीक टोकं उगवतात, जाड कणांच्या कास्टिंगमध्ये ती एवढी वाढतात की दोषाचा इको त्यात लपतो. उत्तर आहे, नाही होणार. आणि हे समजून घ्या कारण ह्यावर पैसे वाया घालवलेले लोक मी बघितलेत. कोड ज्या गोंगाटाला हरवतो तो बाहेरचा, ॲम्प्लिफायरचा, मोटरचा, ज्याला तुमचा ठेका माहीत नाही. कास्टिंगमधलं गवत म्हणजे धातूच्या प्रत्येक कणावरून परत आलेला तुमचाच आवाज आहे, तुमच्याच ठेक्यात. दोषाचा इको सातपट झाला तर गवतही सातपट झालं. पात्रातली सगळीच पथकं तुमचाच ठेका वाजवायला लागली तर तुम्ही काय ओळखणार? तिथे फ्रीक्वेन्सी कमी करून बघा, प्रोब हलवून वेगवेगळ्या जागांची सरासरी घ्या, बीम फोकस करा. कोड तिथे नको. जिथे प्रोब जॉबला न टेकवता मोजायचंय, चुंबकीय पद्धतीनं किंवा हवेतून, जिथे सिग्नल मुळातच मरतुकडा आहे, तिथे कोडसारखं दुसरं काही नाही.

जुळवायचा नमुना कुठला घ्यायचा, हेही विचारलं कुणीतरी. पुस्तकातला चौकोनी कोड घेऊ नका. तुमच्याच ट्रान्सड्यूसरसमोर सपाट प्लेट धरा, स्वच्छ इको रेकॉर्ड करा, तोच बटर पेपर. ट्रान्सड्यूसरनं कोडला जे काही केलंय ते त्यात आपोआप येतं. आणि ह्याला मोठा कंप्युटर लागत नाही. आलेला सिग्नल आधी ४० किलोहर्ट्झवरून खाली उतरवायचा, दर सेकंदाला ८००० नमुने पुरतात, ३० मिलिसेकंदाचे २४० नमुने, बटर पेपरचे २८, सगळे मिळून सात हजारांच्या आत गुणाकार, उतरवल्यावर सिग्नलचे दोन भाग होतात म्हणून फार तर त्याच्या काही पट. दोनशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरला हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं.

तर ती चाकणची टाकी. अक्षर अर्धा मिलिसेकंद ठरलेलं, ते ट्रान्सड्यूसरनं ठरवलं. दोनदा पाठवायचं नाही, ते पाण्यानं ठरवलं. सेन्सर सगळ्यात वरच्या पातळीपासून ८० सेंटिमीटर उंचावर बसवलेला, म्हणजे आंधळा पट्टा त्याच्या आत ठेवायचा, म्हणजे १३ अक्षरं जमत नाहीत, त्यांना १.१ मीटर लागतो. सात जमतात. साडेतीन मिलिसेकंद, ६० सेंटिमीटर. साडेतीन मिलिसेकंदात पाणी सेकंदाला पाच सेंटिमीटरनं हललं तरी ०.२ मिलिमीटरसुद्धा सरकत नाही, कोड मोडत नाही. सोळापट ऊर्जेऐवजी सातपट मिळाली, शून्य साइडलोबऐवजी सातव्या भागाएवढे मिळाले, आणि पंखा सुरू असताना आकडा जागेवर राहिला. तिथे आजही तोच कोड चालू आहे, ग ग ग ल ल ग ल.

चहा आलाय वाटतं. त्याआधी इकडे टेबलाजवळ या, स्पीकर लावलाय. ४० किलोहर्ट्झ आपल्याला ऐकू येत नाही म्हणून त्या टाकीत पाठवतो तोच सिग्नल मी शंभर पट हळू केलाय, त्यामुळे तो ४०० हर्ट्झला येईल, जेमतेम ०.३५ सेकंद. सूर एकच आहे, पण गुरूचा लघु किंवा लघुचा गुरू होतो तिथे सुराला बारीक खाच पडते. तीन खाचा आहेत, पहिल्यांदा कदाचित दोनच ऐकू येतील, मी परत लावतो. खिडकी आता लावा कुणीतरी.